मिरीच्या वासाची शिराझ

गास, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

एलिना,

बाटली पोहोचली. फुटलेली नाही. ॲल्रॉयने ती आपल्या दोन जीन्समध्ये गुंडाळून मेलबर्नहून आणली आणि स्वतःच्या घरी बॅग टाकायच्या आधी आपल्या पडवीत येऊन उभा राहिला. चांगला मुलगा आहे. त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. केनीच्या साखरपुड्यानंतर मी तुला काही लिहिलं नाही, बोललो तर नाहीच. पण वस्तू मिळाली की पोच द्यावी एवढं मला कळतं. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर चढत नाही, म्हणून लिहितोय. तुझा भाऊ ह्याचा फोटो काढून तुला पाठवेल. (केनी, फोटो काढ. वाचू नकोस.)

तू आणि मम्मी रोज संध्याकाळी बोलता तेव्हा मी केळींना पाणी द्यायला जातो. त्यामुळे तुमचं काय चालतं ते मला ठाऊक नसतं. मागच्या महिन्यात दव गोठून तुमच्या वेलींचे कोवळे कोंब जळाले, ते पुन्हा फुटले का? आणि गुडघ्याचा पट्टा निघाला का?

बाटलीवरचं मी भिंग लावून वाचलं. शंभर वर्षांहून जुना मळा, थंड हवेतली शिराझ, आणि मागच्या बाजूला, ही वाइन करणाऱ्याच्या जागी, तुझं नाव. तुस्कानोचं स्पेलिंग बरोबर आहे. आपल्या विजेच्या बिलावर ते मला आजवर बरोबर मिळालेलं नाही.

मम्मीने बाटली आधी अल्तारावर ठेवली, माउलीच्या मूर्तीशेजारी. तिथे मेणबत्तीची धग लागते. मी ती उचलून माझ्या खाटेखाली ठेवली. वाइन अंधारात ठेवायची असते हे मी तुला शिकवलंय, तू मला नव्हे.

एक विचारायचं होतं. थंड हवा म्हणजे नेमकी किती थंड? आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा पाचवरून तीनवर.

आग्नेल तुस्कानो
(पप्पा)


गास, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

एलिना,

तुझं उत्तर मिळालं. तुमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा रात्री स्वेटर घालावा लागतो, द्राक्षं घाईने पिकत नाहीत आणि म्हणून त्यांचा आंबटपणा टिकतो, हे समजलं. छान समजावून सांगतेस. मास्तरीण झाली असतीस तर इथेच राहिली असतीस, असं मम्मी म्हणाली. मी उठून केळींना पाणी द्यायला गेलो.

आज मम्मीचा वाढदिवस. दुपारी बाटली उघडली. केनी आणि दिपिका आले होते, ॲल्रॉय होता. क्लिफर्डला मी बोलावलं नव्हतं, पण कुंपणापलीकडून त्याला सगळं दिसतं. तो बूच काढायचा स्क्रू घेऊनच आला. वसईच्या कुठल्यातरी हॉटेलवाल्याकडून खास मागून आणला होता म्हणे. आणि तुझ्या बाटलीला बूचच नाही! खोकल्याच्या औषधाला असतं तसं फिरकीचं झाकण. दिपिकाने ते दोन बोटांनी उघडलं. क्लिफर्ड जेवण संपेपर्यंत तो स्क्रू हातात धरून बसला होता.

ॲल्रॉयने सगळ्यांना पेला कसा फिरवायचा ते दाखवलं. केनीने फिरवला तो थेट शर्टावर.

दिपिका म्हणाली, "ह्याला जांभळाचा वास आहे. आणि एखाद्या फुलाचासुद्धा."

क्लिफर्डने नाक पेल्यात बुडवलं आणि ओरडला, "मिरी! आग्नेल, तुझ्या पोरीने मिरी कुटून टाकलीय! मटणाला घालतात तशी!"

"अंकल, कोणी घातली नाही," ॲल्रॉय म्हणाला. "थंडीत पिकलेल्या शिराझला तो वास आपसूक येतो."

"द्राक्षाला मिरीचा वास? मग मिरीच्या वेलाला काय द्राक्षं लागतात तिकडे?"

असं बराच वेळ चाललं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्या घरातला वाइनवाला मी. चर्चच्या नाताळच्या वाइन स्पर्धेचा परीक्षकही मीच, केनी शाळेत होता तेव्हापासून. मी पेला खिडकीपाशी नेला. रंग छान आहे. फारच छान आहे. मधे गडद आणि कडेला जरा जांभळट, पिकल्या करवंदासारखा. केनीने विचारलं, "आणि वास, पप्पा?" मी म्हटलं, आधी रंग बघायचा असतो.

मम्मीने तिच्या पेल्यात चमचाभर साखर घातली. ॲल्रॉयने डोळे मिटून घेतले. पण ती म्हणाली, साखर घातल्यावर पोरीची वाइन एकदम आपल्यासारखी लागते, आणि इंद्यालच्या तिखट रश्श्याबरोबर दोन पेले प्यायली.

बाटली रिकामी झाली. मी धुऊन ठेवलीय. लेबल भिजू दिलं नाही.

पप्पा


गास, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

एलिना,

बापाला असं विचारतात का?

"तुमच्या पत्रात सगळ्यांना वास आला पप्पा, तुम्हाला काय आला तेवढंच नाही," असं तू लिहिलंस. बरं, लिहिलंस ते लिहिलंस. खाली पुन्हा, "तुम्हाला वास येत नाही का?" हे सरळ विचारलंस. मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि वाडीत गेलो.

ह्या वर्षी केळी चांगली आहे. मागच्या वाऱ्याने चार खुंट आडवे झाले, पण बाकीच्यांना टेकू दिलेत. बावखलात पाणी भरपूर आहे. मोगऱ्याच्या कळ्या कमी झाल्यात, थंडी पडली की होतातच. क्लिफर्डने पुन्हा कुंपण आमच्या बाजूला सरकवलंय असं मला वाटतं, मम्मीला वाटत नाही.

येत नाही.

कोरोनाचा ताप आला तेव्हा गेला. गोड, खारट, तिखट कळतं, जिभेला कळतं तेवढं सगळं कळतं. वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. केनीला आला, मम्मीला आला. मी म्हटलं, मलापण आला. घरात सगळ्यांना एकेक गोष्ट परत मिळत असताना आपणच मागे राहिलो हे कोण सांगणार? आणि लोक मला ओळखतात कशामुळे? नाकामुळेच ना.

साखरपुड्याची वाइन मी नेहमीच्याच हाताने केली होती. बरणी उघडली, नाकाशी नेली, काहीच आलं नाही. मला वाटलं, काय स्वच्छ झालीय! आणि तू टोस्टच्या वेळी पहिला घोट घेऊन दिपिकाच्या सगळ्या माणसांसमोर म्हणालीस, "पप्पा, हा आंबून शिरका झालाय. कोणी पिऊ नका." मला वाटलं, पोरगी नाशिकला वाइन शिकून आली आणि पहिली परीक्षा बापाची घेतली. मग मी जे बोललो ते तुला आठवत असेल, मी पुन्हा लिहीत नाही. सगळे गेल्यावर मम्मीने हळूच सांगितलं की शिरकाच होता. तोवर तू बॅग भरून नाशिकला निघून गेली होतीस. पुढच्या वर्षी तिकडे, आणखी लांब.

ही माफी नाही. ज्याचं नाक गेलं त्याने माफी कसली मागायची? तू विचारलंस म्हणून कळवलं.

आता एवढं सांगितलंच आहे तर दुसरंही सांगतो, म्हणजे तुला मम्मीकडून कळायला नको. स्पर्धेत मी नंबर कसे देतो? मम्मी पहिल्या रांगेत बसते आणि प्रत्येक वाइन तिला आधी चाखायला मिळते, कारण परीक्षकाच्या बायकोला कोण नाही म्हणणार? वाइन चांगली असली तर ती कानातलं चाचपते. बिघडलेली असली तर खोकते. इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही. फक्त गेल्या वर्षी तिला खरोखरचा खोकला झाला होता. बिचाऱ्या क्लिफर्डची जांभळाची वाइन त्यात मेली.

हसू नकोस. केनी, तूपण.

पप्पा


गास, सोमवार, २२ डिसेंबर २०२५

एलिना बाय,

काल काय झालं ते मम्मीने तुला सांगितलं असेल. तिने सांगितलं ते अर्धवट आहे, कारण ती अर्धा वेळ केकच्या खोलीत होती. मी सगळं सांगतो.

यंदा नवे फादर आलेत. तरुण आहेत, सगळं शिस्तीत करायचं म्हणतात. त्यांनी ऐन वेळेला जाहीर केलं की ह्या वर्षी केकचीपण स्पर्धा आहे आणि तिच्या परीक्षक ॲनी तुस्कानो. मम्मीचा चेहरा खुलला. आपलाही कोणी मान केला ह्या आनंदात ती उठली, मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. मग तिच्या लक्षात आलं. पण तोवर तिच्यासमोर केक कापून ठेवला होता.

मी स्टेजवर. हॉल भरलेला. समोर पेल्यांची रांग, नावं झाकलेली. मी पहिला पेला उचलला, फिरवला, रंग बघितला. नाकाशी नेला. नळाच्या पाण्याचा यावा तेवढाही वास नाही. पहिल्या रांगेत बघितलं तर मम्मीच्या खुर्चीवर तिची पर्स.

पहिल्यांदा मनात आलं की ठोकून द्यावेत अंदाजाने. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, आजही कळणार नाही. तेवढ्यात माझं लक्ष इझाबेलकडे गेलं. देवळात फुलं लावते ना, ती. तिची आई मागच्या पास्काच्या सणाला, ईस्टरला, गेली. आईची वाइन गावात नावाजलेली होती, आणि ह्या वर्षी इझाबेलने पहिल्यांदा आईच्या बरणीत स्वतः वाइन घातली होती. ती भिंतीपाशी उभी होती आणि पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत होती. पेला कोणाचा हे मला कळायला नको होतं, पण कळलं. मी आता काहीही म्हटलं असतं तरी ती ते खरं मानून घरी गेली असती.

मी पेला खाली ठेवला. माइक ओढला. म्हणालो, "मला वास येत नाही. कोरोनापासून येत नाही. मी ह्या वाइनला नंबर देऊ शकत नाही."

फादर अर्धवट उठून उभे राहिले. मग मागून क्लिफर्डचा आवाज:

"मग गेल्या वर्षी मला शेवटचा नंबर दिला कोणी?"

मी म्हटलं, "तुझ्या वहिनीच्या खोकल्याने."

आणि एलिना, मला सगळं सांगावं लागलं. कानातलं, खोकला, सगळं. आधी कोणीतरी फुसकन हसलं. मग एक रांग. मग छपराचे पत्रे उडतील की काय असं वाटलं. फादर तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळले. त्या गदारोळात मम्मी ओठाला क्रीम लागलेली बाहेर आली आणि विचारते, "काय झालं? कोण पडलं?"

तिला सन्मानाने माझ्या खुर्चीवर बसवलं. तिने सगळ्या वाइन चाखल्या, ह्या वेळेस उघड, आणि नंबर स्वतः वाचून दाखवले. इझाबेल पहिली आली. खुर्ची सोडून आधी ती खालीच बसली, मग रडत हसत वर आली. क्लिफर्ड दुसरा. तो सगळ्यांना सांगत होता, आज न्याय झाला. घरी जाताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला आणि कुंपणापाशी म्हणाला, "आग्नेल, मला का नाही सांगितलंस रे? मी खोकलो असतो तुझ्यासाठी."

आता ऐक. कार्यक्रम संपल्यावर लोक पाव आणि सांदणांच्या टेबलाकडे गेले, आणि एकेक जण माझ्याजवळ येऊन हळूच बोलायला लागला. आपले ऑर्गन वाजवणारे सर म्हणाले, "मलासुद्धा. मी घरी सांगितलेलं नाही." एक बाई म्हणाली, भात करपला तरी तिला कळत नाही, सून म्हणते म्हातारीचं लक्ष नसतं. आणखी एकीला नातवाच्या डोक्याचा वास येत नाही. मला वाटत होतं, अख्ख्या गासमध्ये मी एकटाच.

आणि संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी केळींना पाणी द्यायला गेलो नाही. मम्मी मासळी साफ करत होती, तिने मुद्दाम हात धुतले नाहीत. मी उचलला. तू म्हणालीस, "हॅलो, मम्मी." मी म्हटलं, "मम्मी मासळी साफ करतेय."

पुढे आपण दोघं काही बोललोच नाही. तू रडत होतीस, आणि माझा आवाज चढेल म्हणून मी गप्प होतो. म्हणून हे लिहितोय. जे बोलायचं होतं ते एवढंच की तू त्या दिवशी पाहुण्यांना शिरका पिऊ दिला नाहीस, ते बरोबर केलंस.

नाताळाच्या शुभेच्छा. गुडघ्याची काळजी घे.

पप्पा


गास, रविवार, ८ मार्च २०२६

एलिना बाय,

आता रोज बोलतो तरी पत्र कशाला, असं केनी विचारतो. फोनवर मम्मी मधे बोलते म्हणून.

तू सांगितलेली नाकाची कसरत जोरात चालू आहे. दर शनिवारी आपल्या पडवीत वर्ग भरतो. ऑर्गनवाले सर येतात, भात करपवणारी आपली इनास मावशी येते, नातवाची आजी येते. लवंग, लिंबू, मोगरा, मिरी असं एकेक नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि तो वास कसा होता ते आठवायचं. क्लिफर्डचं नाक शाबूत आहे, तरी तो येतो आणि मॉनिटर होतो. कोणी नुसतं हो हो म्हटलं तर त्याला लगेच कळतं. रस्त्याने जाणारे बघतात तेव्हा आम्ही म्हातारे डोळे मिटून लवंगा हुंगत बसलेलो असतो. दोघांनी तर विचारलं, कसली नवी प्रार्थना आहे?

जानेवारीत इनास मावशीला सगळ्यालाच जळक्या रबराचा वास यायला लागला. ती घाबरली. तू फोनवर म्हणालीस की हे चांगलं लक्षण आहे, तेव्हापासून ती रबराचा वास अभिमानाने सांगते. मला रबरसुद्धा येईना. मी कोणाला बोललो नाही, पण मनातून सोडून दिलं होतं.

मंगळवारी सकाळी केळीत उभा होतो. फावडं मारलं, आणि नाकात काहीतरी शिरलं. मी फावडं टाकलं. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा आलं! मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "ॲनी! घाण येतेय! ॲनी, घाण येतेय!"

मम्मीला वाटलं साप. ती काठी घेऊन धावत आली. मी तिला दाखवलं, "हे बघ, इथे उभं राहिलं की येते!"

ती म्हणाली, "अहो, कालच शेणखत टाकलंय. घाण नाही तर काय गुलाब येणार?"

मग तिला कळलं. काठी टाकली, केळीच्या खुंटावर बसली आणि हसत सुटली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या शेजारी बसलो. आम्ही दोघं बराच वेळ तिथे शेणखताचा वास घेत बसलो. क्लिफर्डने कुंपणावरून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुझ्या बाजूचं खत जास्त चांगलं आहे का बघतोय." त्याला इतका आनंद झाला की कुंपण त्याने खरंच सरकवलं होतं, हे त्याने त्याच दमात कबूल केलं.

त्यानंतर पुन्हा दोन दिवस काही नाही. मग शुक्रवारी थोडी लवंग आली. येतो, जातो. डॉक्टर म्हणतात, असाच येईल.

तिकिटं झाली. पास्काचा सण करून निघतो. तोवर तुमची शिराझ तोडायला येईल असं तू म्हणालीस. मम्मीने तीन स्वेटर काढलेत. सुकट आणू देत नाहीत हे तिला अजून पटलेलं नाही, बॅग तू उघडशील तेव्हा मी नाही त्यातला. वाडीचं पाणी क्लिफर्ड बघणार आहे.

मला तिथे पाहुण्यासारखं खुर्चीत बसवू नकोस. द्राक्षं तोडायची कात्री दे. सगळी माणसं करतात ते काम मी करीन, आणि तुझ्या टाक्यांपाशी उभा राहून काही शहाणपणा शिकवणार नाही. बहुतेक.

आणि एक. तू मम्मीला म्हणाली होतीस की तोडणीच्या दिवसांत कितीही धुतलं तरी तुझ्या कपड्यांना द्राक्षांचा वास असतो. विमानतळावर तू समोर येशील तेव्हा लगेच बोलू नकोस, मला आधी जवळ घे. मी बघतो येतो का. आला तर सांगेन. नाही आला, तर नाही आला असंच सांगेन.

पप्पा